म्हसोबाच्या वळणावर वाजलेला हॉर्न

ओजस आणि तन्वी,

हे तुम्हाला पत्रात लिहिता आलं असतं. पण आपल्याकडच्या एका मासिकात वाचकांचे असे अनुभव छापतात आणि नंतर इंटरनेटवरही टाकतात, म्हणून तिथे देते आहे. तुम्हाला लिंक पाठवता येईल, आणि आपल्या गावातलेही चार लोक वाचतील. मला दोन्ही हवं आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही गेलं असतं, माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालं. पण यात एका माणसाच्या तोंडचे दोन शब्द आहेत, आणि ते इंग्रजीत नेले की मरतात. तन्वी, अडेल तिथे आईला विचार.

आत्ताच का, तर ओजस, गेल्या महिन्यात तुला शिकाऊ लायसन्स मिळालं. व्हिडिओ कॉलवर कार्ड दाखवलंस आणि म्हणालास, "डोन्ट वरी आजी, मी बाबांसारखा रॅश नाही चालवणार." तू प्रेमानेच बोललास. मी हसले, कार्डावरच्या फोटोचं कौतुकही केलं. फोन ठेवल्यावर मात्र संध्याकाळचा दिवा लावायचं राहून गेलं.

तुझे बाबा रॅश चालवत होते, हे तुला कोणी सांगितलं ते मला माहीत आहे. नाना आजोबांनी — म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी — तुझ्या आईला सांगितलं, आईने ते तुम्हाला सांगितलं. तिचा दोष नाही. ती तुम्हाला घेऊन परदेशी तिच्या भावाकडे गेली तेव्हा तुम्ही दोघं इतके लहान होतात की विमानातल्या खिडकीसाठी भांडत होतात. आता नाना गेले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलणार नाही, झालं ते सांगणार आहे.

आधी हे सांगते की भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. अजूनही नाही. आमच्या घरात तो असण्याची सोयच नव्हती. तुमचे आजोबा गाड्यांचे इन्शुरन्स सर्व्हेअर होते. बुलढाणा जिल्ह्यात कुठे गाडी ठोकली गेली की ते जाऊन पाहायचे, फोटो काढायचे, घरी येऊन रिपोर्ट सांगायचे आणि मी तो इंग्रजीत टाइप करायचे. संसारातली निम्मी वर्षं मी अपघात टाइप केले. लोकांना वाटतं अपघात हजार तऱ्हेचे असतात. नसतात. त्याच पाच-सहा गोष्टी पुन्हापुन्हा होतात. घाटात ट्रकच्या मागे कंटाळलेला माणूस ओव्हरटेकला निघतो, समोरून एसटी येते. लग्नाचं वऱ्हाड रात्रभर जागून पहाटे परत निघतं, ड्रायव्हरचा डोळा लागतो. रबर चढवलेला जुना टायर उन्हाळ्यात फुटतो. रोही, म्हणजे नीलगाय, आडवा येतो. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसतो, लावायचा तर रंगीत कागद लावतात. सुगीत लोक सोयाबीन रस्त्यावर वाळत घालतात, कडेला दगड मांडतात, सोयाबीन भरून नेतात आणि दगड तिथेच सोडतात... मग त्या दगडांवर कोणाची तरी मोटारसायकल जाते आणि गाव म्हणतं, जागाच वाईट आहे.

आजोबा म्हणायचे, "जागा वाईट नसते. कारण सापडलं नाही म्हणजे आपण नीट पाहिलं नाही."

आता वळण. तुम्ही ते पाहिलं आहे, आठवत नसेल. मेहकरकडून आपल्या गावाला जाताना नाल्याचा पूल लागतो, मग चढ, आणि चढ संपता संपता रस्ता डावीकडे वळतो. डाव्या हाताला टेकाड आहे, त्यामुळे पलीकडून काय येतंय ते दिसत नाही. टेकाडाच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून, लिंबाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा होता. छोटा ओटा, वर दगड. तिथून जाणारा प्रत्येक ड्रायव्हर म्हसोबाला हॉर्न देऊन जायचा. एसटीवाले, काळीपिवळीवाले, दुधाचे टेम्पोवाले, सगळे. नवीन गाडी घेतली की पहिला हॉर्न तिथे. न देणाऱ्याला गाडीतली माणसंच बोलायची.

आजोबा देवळात जात नसत, पण तिथे हॉर्न द्यायचे. श्रीकांत — तुमचे बाबा — लहानपणी पुढच्या सीटवर बसून हात लांब करून स्वतः वाजवायचा. एक लांब, दोन तुटक. आजोबा त्याला म्हणाले होते, "तू देवासाठी वाजव नाहीतर पलीकडच्या ड्रायव्हरसाठी वाजव. पण वाजव." मोठा झाल्यावर, स्वतःची गाडी घेतल्यावरही त्याची तीच पद्धत होती. त्याच्या गाडीचे दोन हॉर्न, त्यातला एक बंद पडलेला. त्यामुळे आवाज घसा बसलेल्या माणसासारखा यायचा. तुझी आई म्हणायची, दुरुस्त करून घ्या. तो म्हणायचा, "असू दे, गावात सगळे ओळखतात." खरंच ओळखायचे. वळणावर तो आवाज आला की नाना घरात सांगायचे, चहा टाका.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. म्हसोबा कडेला आला म्हणून तो हलवायचा ठरला. नानांनी गावाजवळच्या सरळ रस्त्यावर आपल्या शेतातली जागा दिली. वर्गणी जमली, संगमरवरी देऊळ, पुढे सभामंडप, शेजारी नारळाची आणि चहाची दुकानं. दुकानांची जागाही नानांचीच. मिटिंगला श्रीकांत गेला होता. तो उठून म्हणाला, "देऊळ बांधा नाना, मी पण वर्गणी देतो. पण एक लक्षात घ्या, लोक देवाला हॉर्न देतात म्हणून ते वळण चालतं. देव तिकडे गेला की हॉर्न पण तिकडेच जाईल. आधी वळणावर आरसा लावा, बोर्ड लावा."

कोणीतरी मागून ओरडलं, "मंग म्हसोबाले ट्रॅफिक पोलिसच म्हना ना!"

सगळे हसले. नाना पण हसले. म्हणाले, "शिऱ्या, लय शिकला बे तू. देवाले हॉर्न पाह्यजे का वळनाले, हे आता तू ठरोशीन?"

श्रीकांत म्हणाला तसंच झालं. नव्या देवळापुढे रस्ता काठीसारखा सरळ, दूरवरची शेळीसुद्धा दिसते, आणि तिथे सगळे हॉर्न वाजवतात. वळणावर कोणी वाजवेना. आणि ते रुंदीकरण वळणापर्यंत आलंच नाही, त्याच्या आधीच थांबलं.

श्रीकांत त्याच वळणावर गेला. रविवारची सकाळ होती, तो मला घ्यायला गावी येत होता. समोरून आलेली कुठलीशी मोठी गाडी ठोकून निघून गेली. रेतीचा टिप्पर असावा, रस्त्यावर रेती सांडली होती. तो कोणाचा ते कधी सापडलं नाही. पाहणारं कोणी नव्हतं.

राख सावडायच्या दिवशी मी वाटेत तिथे उतरले. बायका म्हणाल्या, नको. मी उतरले. काचा डाव्या बाजूला होत्या. डावी बाजू त्याची. ब्रेकचे डाग डाव्या बाजूला, आणि आखूड. आखूड म्हणजे वेग फार नव्हता. हे मला कोणी शिकवायला नको होतं, मी असे कितीतरी रिपोर्ट टाइप केले होते. समोरच्याने वळण आतून कापलं होतं आणि माझा मुलगा आपल्या बाजूला होता.

पण गावात वेगळंच सुरू झालं. तेराव्याच्या जेवणालाच मी पडद्याआडून ऐकलं. नाना पंगतीत सांगत होते, "पोरगं चांगलं होतं, पन गाडी बेफाम चालवे. आन् देवाले मानत नव्हतं. हॉर्न नाही देला त्यानं. म्हसोबानं दाखोलं." पंगतीतले माना डोलवत होते. कोणाचा घास थांबला नाही.

नाना असं का बोलले, ते मला तेव्हाच कळलं होतं. श्रीकांत सावकाश येत होता असं मानलं, तर मग वळणावर हॉर्न बंद का झाले, हा प्रश्न येतो. आणि तो प्रश्न सरळ त्यांच्या संगमरवरी पायरीवर जाऊन बसतो.

आता तो अनुभव. त्यानंतरच्या हिवाळ्यातला, कापूस निघायचे दिवस. मी आणि नाना मेहकरला शेताच्या वारसनोंदीच्या कामाला गेलो होतो. श्रीकांतचं नाव काढून तुमची नावं लावायची होती. परत येताना दुपार होती, स्वच्छ ऊन. गाडी गावातल्या बंडूची, भाड्याची. नाना पुढे, मी मागे. पूल ओलांडला, चढ लागला. मी म्हणाले, "बंडू, पुढे वळण आहे. हॉर्न दे."

नाना मागे न पाहता म्हणाले, "वहिनी, म्हसोबा गेला नं तिकडं. इथं आता कोनाले हॉर्न देता?"

"समोरून येणाऱ्याला."

"समोर कोन हाये? दुपारच्याले कुत्रं नसते या रस्त्यानं."

बंडूने आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. त्याने हॉर्न दिला नाही. नाना पुढच्या सीटवर होते.

आणि हॉर्न वाजला.

समोरून, टेकाडाच्या पलीकडून. एक लांब, दोन तुटक. घसा बसलेला.

बंडूने काही विचार केला असेल असं मला वाटत नाही. समोरून गाडी येतेय म्हटल्यावर कोणीही करेल तेच त्याने केलं — ब्रेक लावला आणि गाडी डावीकडे रस्त्याखाली घेतली, लिंबाखाली, जिथे म्हसोबाचा रिकामा ओटा आहे तिथे. इंजिन बंद पडलं. एकदम शांत झालं.

तेव्हा नाना बोलले. हळू आवाजात, पण अगदी नेहमीच्या सुरात, दारात पुतण्या दिसल्यावर बोलावं तसे.

"शिऱ्या आला."

आणि मग बंडूच्या हातावर हात ठेवून, "थांब बंड्या. येऊ दे त्याले."

मी समोर बघत होते. खरं सांगते, त्या क्षणी मी त्याच्या गाडीची वाट बघत होते. राखाडी रंगाची, बोनेटवर डाग पडलेली...

आला तो ट्रॅक्टर. मागे कापसाने डोंगरासारखी भरलेली ट्रॉली, पूर्णपणे आमच्या बाजूला. वळण आतून कापत, उतार आहे म्हणून न्यूट्रलमध्ये सोडलेला, त्यामुळे इंजिनचा आवाजही नाही. नुसती चाकांची घरघर, आणि तीही तो अगदी समोर आल्यावर. ज्या जागी आम्ही असतो त्या जागेवरून तो गेला. कापसाचा धक्का लागून लिंबाची फांदी मोडून आमच्या टपावर पडली.

बंडू उतरून शिव्या देत धावला. पुलाजवळ ट्रॅक्टर थांबला होता.

"काऊन बे, लोकाईले मारायले निंघाला का? कोन्या बाजूनं जाऊन राह्यला?"

"डिझेल वाचते भाऊ उतारावर," तो म्हणाला. घाबरला होता, तरी हसत होता.

"मंग हॉर्न देल्यावर बाजूले काऊन नाही घेतला?"

"कोनं देला हॉर्न?"

"तू देला ना!"

"माह्या ट्रॅक्टरले हॉर्नच नाही. पाहून घे. म्या नाही आयकला कोनाचा."

मी उतरले होते. काठी टेकत वळणाच्या पलीकडे गेले. रस्ता सरळ पुढे देवळापर्यंत दिसत होता. रिकामा. एक सायकलसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना तूर उभी होती आणि तिच्यात वारा नव्हता.

तुमच्या आजोबांनी केलं असतं तसं मी सगळं तपासलं. बंडूच्या गाडीचा हॉर्न? त्याने हात लावला नव्हता, आणि त्याचा आवाज नवा कोरा आहे. नानांचा मोबाइल? त्यांच्या खिशात बंद पडलेला, सकाळपासून ते त्याच्यावर चिडत होते. टेकाडावर आदळून आलेला लांबचा आवाज? असेल, पण मग कोणाचा? श्रीकांतची गाडी तर कधीच भंगारात गेली होती, मीच नेऊ दिली होती. आणि समजा अगदी तसाच हॉर्न दुसऱ्या कोणाचा असला, तरी एक लांब आणि दोन तुटक?

पुढे देवळाशी नानांनी गाडी थांबवायला लावली. नारळ घेतला, फोडला. चहाच्या दुकानातली माणसं जमली. मला वाटलं, आता सांगतील. नाना म्हणाले, "म्हसोबानं वाचोलं. आवाज देला त्यानं, थांब म्हनून." बंडू शेजारीच उभा होता. नारळाचं पाणी त्याच्या चपलेवर सांडलं, तो खाली बघत होता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. थोड्याच दिवसांत देवळावर "जागृत देवस्थान" असा बोर्ड लागला. वळणावर मात्र श्रीकांतने मागितलेला बोर्ड अजून लागलेला नाही.

घरी आल्यावर मी नानांना विचारलं, "भाऊजी, गाडीत तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनलो?"

"शिऱ्या आला, असं म्हणालात. त्याला येऊ दे म्हणालात."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "वहिनी, तुमाले भास झाला. जवान पोरगं गेल्यावर मायले होते असं."

मला बोलणं येत नाही असं नाही. पण त्या दिवशी मी उठून आत गेले.

पुढे नाना आजारी पडले. मेहकरच्या दवाखान्यात होते तेव्हा मी रोज डबा नेत होते. मऊ भात, वरण, मीठ कमी. एक दिवस खोलीत कोणी नव्हतं. मी म्हणाले, "भाऊजी, मला बाकी काही नको. ओजसला फोन लावून देते. त्याला एवढंच सांगा की तुम्ही तो हॉर्न ओळखला. तुझा बाप सांभाळून गाडी चालवायचा, एवढं सांगा."

त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाले, "मंग लोक इचारतीन ना वहिनी, देव काऊन हलोला?"

"विचारू दे."

"देऊळ राह्यते काय मंग?"

एवढंच. पाणी मागितलं, मी दिलं. मी त्यांच्याशी त्यानंतर देवळाबद्दल बोलले नाही, त्यांनीही श्रीकांतचं नाव काढलं नाही. डबा शेवटपर्यंत नेला.

बंडूलाही मी विचारलं. तो खोटं बोलला नाही. म्हणाला, "आयकलं काकू. मले काय बहिरं समजता का? पन माही गाडी देवळापाशी उभी राह्यते. सवारी तिथूनच भेटते. लेकरंबाळं हायेत मले." मी त्याला पुन्हा विचारलेलं नाही. मात्र त्याच्या गाडीत बसते तेव्हा तो वळणावर हॉर्न देतो. मी नसताना देतो की नाही, माहीत नाही.

ओजस, तुझे आजोबा असते तर म्हणाले असते, हा पुरावा होत नाही. बरोबर आहे. आम्हाला ऐकू आलेल्या हॉर्नवरून त्या रविवारी त्याने हॉर्न दिला होता हे सिद्ध होत नाही. काचा कुठे होत्या आणि डाग किती आखूड होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यावर मी सही करीन. हॉर्नचं मला आजही काही सांगता येत नाही. कारण सापडलं नाही. मी नीट पाहिलं होतं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. हॉर्न देणारा त्याने वाचत नाही, ऐकणारा वाचतो. त्या दुपारी बंडूशिवाय वाचलं कोण, तर गुडघे गेलेली मी आणि तेराव्याच्या पंगतीत त्याची निंदा करणारे नाना. श्रीकांत दयाळू होता म्हणून, असं मी ज्या दोन-तीन बायकांना हे सांगितलं त्या म्हणतात. मला हे ऐकून बरं वाटत नाही. मला तो हवा होता.

तू गाडी चालव. वळणावर हॉर्न दे. तिकडे विनाकारण वाजवणं वाईट दिसतं असं तू म्हणालास, तर दिसू दे.

तो आवाज आम्ही तिघांनी ऐकला होता. नाना गेले. बंडू बोलत नाही. मी अजून आहे, आणि मला चांगलं ऐकू येतं.